डिकीमागची जागा

जावयाची गाडी लाल आहे, यावर कुणाचं दुमत नाही. वडिलांची गाडी कोणत्या रंगाची, यावर मात्र आमच्या घरात कधीच एकमत झालं नाही. आई म्हणायची सायीच्या रंगाची, भाऊ म्हणतो बिस्किटाच्या, आणि वडील तिला सरळ पांढरी म्हणून मोकळे व्हायचे. मिरजगावच्या धुळीत तिचा मूळ रंग कुणाला नीट दिसला असेल असं मला वाटत नाही.

या दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहिल्या त्या एकदाच, माझ्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी, नगरला सावेडीच्या पुढे असलेल्या एका मंगल कार्यालयाच्या आवारात. पाहुण्यांनी दोन्हींसोबत फोटो काढून घेतले. लाल गाडीशेजारी आमची जुनी गाडी म्हणजे आग्रह करून पुढच्या रांगेत बसवलेली थोरली मावशी. मला तेव्हा हसू आलं होतं. त्या दिवसाचं जे काही आठवतं त्यात हसण्यासारखं तेवढंच आहे, म्हणून ते आधी सांगून टाकते.

वडिलांनी ती गाडी नगरच्या एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हा मी शाळेत होते. आमची लिंबाची बाग त्या वर्षी चांगली धरली होती आणि डॉक्टरांना नव्या गाडीचे डोहाळे लागले होते. चार दारं, गोल दिवे, पुढे सोफ्यासारखी सलग सीट आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. पुढे तीन माणसं ऐसपैस बसत आणि मधल्या फटीत एखादं पोर सहज मावे. गाडीत किती माणसं बसतात असं कुणी विचारलं की वडील उलट विचारायचे, "किती जन हायेत?" हा विनोद नव्हता. जितके जण असतील तितके बसत.

जुन्या वस्तूंबद्दल बोलताना माणसं फार खोटं बोलतात. मला ते जमत नाही. ती गाडी गुणाची नव्हती. काच खालीवर करायचं हँडल चारही दारांत मिळून एकच उरलं होतं, ते उपटून एकमेकांकडे द्यावं लागे. पेट्रोलच्या वासाने मला हमखास उलटी व्हायची, म्हणून हँडल बहुतेक माझ्याकडेच असे. इमामपूरच्या घाटात इंजिन तापायचं, मग बॉनेट उघडं टाकून सगळे रस्त्याच्या कडेला बसायचे आणि आई तेवढ्यात शेंगा फोडायला घ्यायची. एकदा वडील घोडेगावच्या बाजाराला गाय बघायला म्हणून आईला घेऊन गेले. गाय काही पसंत पडली नाही. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून शेळी घेऊन आले, मागच्या सीटवर आईच्या शेजारी बसवून. पुढे कितीतरी दिवस गाडीत जो वास येत होता त्याबद्दल आई चारचौघांत बोलायची आणि वडील ऐकू न आल्यासारखं करायचे.

पण आमच्या आळीत चारचाकी ती एकच होती. त्यामुळे आळीतल्या लेकी सासरी जायच्या त्या आमच्या गाडीतून. वडील स्वतः चालवायचे, धुवट कपडे आणि परीटघडीची टोपी घालून. गाडीला झेंडूच्या माळा बांधलेल्या असायच्या आणि मागच्या सीटवर नवरा-नवरीच्या शेजारी पाठराखीण म्हणून एखादी मावशी नाहीतर करवली कोंबलेली असायची.

त्या गाडीची एक रीत पडली. ती पडली निव्वळ बॅटरीमुळे. शेजारच्या घरची मुलगी निघाली होती. ओटी भरून झाली, चाकापुढे थोड्या अंतरावर नारळ ठेवून झाला, आणि वडिलांनी किल्ली फिरवली तर गाडी नुसती खाकरली. नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. अपशकुन म्हणायचा की काय हा, असं कुणीतरी पुटपुटलंसुद्धा. तेव्हा मुलीचा बाप गाडीच्या मागे गेला आणि डिकीला दोन्ही हात लावून उभा राहिला. मग तिचे भाऊ गेले, चुलते गेले, मामा गेला. वडिलांनी दुसरा गिअर टाकला, क्लच दाबून धरला आणि खिडकीतून ओरडले, "हं, द्या!" गाडी हलली, वेग आला, वडिलांनी क्लच सोडला तसं इंजिन फुरफुरून चालू झालं, चाकाखाली नारळ फुटला आणि नवरी गेली.

ती मुलगी चांगल्या घरी पडली. वर्षाच्या आत बाळंतपणाला आली ती अंगाने भरून, हसत. आळीने यातून जे काढायचं ते काढलं. पुढच्या लग्नात बॅटरी ठणठणीत होती, किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली, तर मुलीची आजी काठी टेकत खिडकीशी आली आणि तिने ती बंद करायला लावली. माझ्या नातीला काय असंच पाठवायचं का, असं तिने वडिलांना विचारलं. वडिलांनी मुकाट्याने गाडी बंद केली.

तेव्हापासून हेच चाललं. गाडी बंद करायची आणि मुलीच्या माणसांनी मागे उभं राहायचं. बाप मधोमध, भाऊ दोन्ही अंगांना, बाकीचे मिळेल त्या जागी. बायका तिथे जात नसत. त्या दारात उभ्या राहून रडायच्या. बायकांना चारचौघांत रडायची मुभा होती, पुरुषांना डिकी होती. मान खाली, हात पुढे, तोंड कुणाला दिसत नाही, आणि जोर लावताना घशातून आवाज निघाला तर तो कशाचा हे विचारायला कुणी जात नाही.

लहानपणी मला हे कळत नव्हतं. मला वाटायचं, ही एवढी धिप्पाड माणसं एका गाडीने दमतात कशी. वडिलांनीच एकदा आपणहून सांगितलं. चालवणाऱ्यापुढे आरसा असतो, आणि मागच्या काचेतून मुलीचा बाप बरोबर त्या आरशात येतो. "मी आरसा वाकडा करून ठिवतो," ते म्हणाले. "मानसानं त्ये बघू न्हाई."

माझ्या लग्नाच्या वेळी मात्र पेच पडला. गाडी चालवणारा आणि मुलीचा बाप एकच. आईचं म्हणणं पडलं की वडिलांनीच चालवावं, मिरजगावातून नगरपर्यंत दुसरं कुणी ती गाडी धड नेणार नाही. ते खरंही होतं. पण वडिलांनी आदल्या दिवशीच किल्ली चुलत्यांच्या हातात ठेवली. चुलत्यांना ट्रॅक्टरखेरीज काही चालवायची सवय नव्हती, आणि आरसा वाकडा करायचं तर त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी मागे मधोमध बसले होते. पदर सारखा करून वर बघितलं तर समोर आरशात टोपी दिसली. फक्त टोपी, कारण मान खाली होती.

गाडी सुरू झाली तरी टोपी आरशातच. गल्ली संपली, चावडी गेली, तरी आरशातच. मी रडत होते, पण मध्येच मला नवल वाटायला लागलं की इंजिन तर घरघरतंय, मग ढकलतायत कशाला. चुलत्यांनी मागे न बघताच सांगितलं, "इंजन कवाच चालू झालंय. तुझा बाप हात काढंना, मी काय करू?" आणि ते पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी गाडी नेत राहिले, हायवे येईपर्यंत. तिथे कुठेतरी टोपी मागे राहिली. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने पुढे मला जन्मभर चिडवलं, की तुझ्या वडिलांनी तुला पार हायवेपर्यंत घालवून दिली, परत येऊ नये म्हणून.

तो चिडवणारा माणूस आता नाही. मुलगी कॉलेजात असतानाच हे गेले. तेव्हापासून सावेडीच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच होतो, मी आणि ती, आणि खाली एक स्कूटर. मला चारचाकी येत नाही. वडिलांनी भावाला शिकवली, मला शिकवली नाही, हा माझा जुना राग आहे आणि तो मी अजून सोडलेला नाही.

मुलीने मुलगा पसंत केला तो पुण्याचा. चांगला आहे, त्या दिवसानंतरही हेच म्हणते. त्याची गाडी म्हणजे जमिनीला चिकटलेली, दोन दारांची, दोनच सीटची, आणि आवाज असा की आमच्या कॉलनीतली तान्ही मुलं दचकून उठली. पहिल्यांदा आला तेव्हा कोपऱ्यावरच्या गतिरोधकाला गाडीचं पोट घासलं. तो उतरून रस्त्यावर पालथा पडला आणि पोर पडल्यावर आईबाप गुडघे तपासतात तसा खालून हात फिरवून बघत राहिला. मला तिथेच तो आवडला. वस्तूची एवढी माया असलेला माणूस आमच्या घरात शोभेल असं वाटलं.

मला त्याने मनमाड रोडला चक्कर मारून आणली. त्या गाडीत चढायचं नसतं, उतरायचं असतं. आधी पाठ टेकायची, मग एकेक पाय आत घ्यायचा, साडी आपली आपण सांभाळायची. आत वास नाही, धूर नाही, काच बोट लावल्यावर खाली जाते. मोकळ्या रस्त्याला त्याने पाय दाबला तसा माझा जीव पाठीला जाऊन चिकटला. मला उलटी झाली नाही. उलट मजा वाटली, आणि ही गोष्ट मी मुलीलासुद्धा कबूल केलेली नाही. गाडी म्हणून ती आमच्या गाडीपेक्षा सगळ्या बाबतींत चांगली आहे. फक्त मध्येच काहीतरी सांगायला म्हणून मी मागे वळले आणि मागे कुणी बसायची जागाच नाही हे लक्षात आलं. मग जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

साखरपुड्याला वडील मिरजगावहून आले. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, तरी लाल गाडी बघायला जिना उतरून खाली गेले. हात पाठीमागे बांधून तिच्याभोवती फिरले, घोडेगावच्या बाजारात जनावराभोवती फिरायचे तसे. मागं मानसं कुठं बसायची, असं त्यांनी विचारलं. जावयाने आदबीने सांगितलं की ही दोघांचीच असते, मागे एखादी बॅग मावते. मग पाठराखीण कुठे बसणार, हा वडिलांचा पुढचा प्रश्न. तो शब्द जावयाला ठाऊक नव्हता. मुलीने समजावून सांगितलं आणि ती दुसऱ्या गाडीतून मागून येईल म्हणाली. वडील बरं म्हणाले. मग ते गाडीच्या मागच्या बाजूला गेले, तो उतरता गुळगुळीत भाग बघत राहिले आणि म्हणाले, "हात कुठं लावायचा हिला?"

हिला ढकलावं लागत नाही आजोबा, असं जावई म्हणाला. ढकलून ही सुरूही होत नाही. सगळे हसले, वडीलही हसले. मी हसले नाही. वडिलांनी ते विचारलंच नव्हतं.

गावी परत गेल्यावर त्यांनी जुनी गाडी बाहेर काढली. ती कितीतरी वर्षं गोठ्याशेजारी कडुनिंबाखाली उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. भाऊ फोनवर माझ्याकडे कुरकुर करायचा, की या वयात म्हाताऱ्याला हे काय सुचलंय, कर्जतहून मिस्त्री काय येतोय, टायर काय, कार्बोरेटर काय. मग एक दिवस वडिलांचाच फोन आला. ते कधी आपणहून फोन करत नसत. करून बोलायला लागले की विहिरीच्या तळाशी कुणाला हाक मारावी तसे ओरडत. त्या दिवशी मात्र हळू बोलले.

"पोरीला आपल्या गाडीतनं पाठवू," ते म्हणाले. "तिचा बाप न्हाई. त्याच्या जागी मी हुबा ऱ्हातो."

मी हे मुलीला सांगितलं तेव्हा ती रडली. रडून झाल्यावर तिने विचारलं की गाडी पुण्यापर्यंत पोचेल का. वडिलांना विचारलं तर म्हणाले, वाटेतल्या सुप्यापर्यंत तर काय बी झालं तरी जाईल. तिकडच्या मंडळींनी लाल गाडी फुलांनी सजवायचं ठरवलं होतं, व्हिडिओवाल्यांना सांगून झालं होतं. मी चिडले, दोन्हीकडे चिडले, आणि चिडून काहीच झालं नाही. वाट काढली ती जावयानेच. आजोबांनी माझीच गाडी ढकलावी, तो म्हणाला. मी इंजिन चालू ठेवतो, गिअर काढून ठेवतो, गेटपर्यंत सगळ्यांनी ढकलत आणायची, तिथून पुढे मी घेईन. एवढा विचार स्वतःच्या मुलाने केला असता की नाही कोण जाणे.

वडिलांना कळवलं. ते म्हणाले, झालं तर, गाडी कुटली का असंना. तरीही लग्नाच्या दिवशी भावाला जुनी गाडी घेऊनच नगरला यायला लावलं. एवढी दुरुस्त झालीय तर तिला लग्न बघू दे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या दोघी त्या आवारात शेजारीशेजारी उभ्या होत्या.

पाठवणी दिवस कलता कलता झाली. वडिलांनी नवी टोपी घातली होती. मुलगी गाडीत बसली, म्हणजे त्या गाडीत जसं उतरायचं असतं तशी शालू गोळा करून उतरली, आणि काच खाली करून तिने माझा हात धरला. वडिलांनी नारळ मागून घेतला. गुडघ्यावर हात ठेवत वाकले आणि पुढच्या चाकापासून अंतर हातानेच मापून, नेहमीच्या जागी, तो ठेवला. मग मागे जाऊन मधोमध उभे राहिले. भाऊ उजवीकडे, पाहुण्यांतले दोघे-चौघे आजूबाजूला. डावीकडची जागा मोकळी होती. त्यांनी मला हाक मारली.

"ये गं. आता तूच आई, तूच बाप. तू बी हात लाव."

मी मुलीच्या हातातून हात सोडवला. ती पटकन सोडत नव्हती. मी मागे पोचेपर्यंत वडिलांनी "हं, द्या!" म्हटलंसुद्धा, आणि गाडी हलली. सगळ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ती हलकी निघाली, अलगद सरकली, आणि नारळाशी येऊन गच्च थांबली. आमच्या गाडीचं इंजिन तिथवर येईतो चालू झालेलं असायचं आणि नारळ ती आपल्या जोरावर फोडायची. या गाडीचं इंजिन चालू होतं, पण चाकांना त्याचा काही उपयोग नव्हता. चाक नारळाला टेकलेलं आणि मागे सगळे जोर करतायत. गाडी मागेपुढे झुलली. वडील मान खाली घालून हळू आवाजात द्या, द्या म्हणत होते.

पुढे बसलेल्या पोराला एवढंच कळलं की मागे म्हाताऱ्या माणसांना जड जातंय. त्याने गिअर टाकला आणि पाय ठेवला. अगदी नुसता ठेवला, असं त्याने मला नंतर शपथेवर सांगितलं आणि ते खरं असणार. त्या गाडीला तेवढं पुरतं. नारळ फुटल्याचा आवाज आला आणि गाडी गेटपाशी होती. मागचे सगळे पुढे झोकांडले. वडील हातागुडघ्यांवर पडले. माझा हात गाडीला टेकायचाच होता. मी तळवे पुढे केलेले, आणि त्यांच्यापुढे काही नव्हतं.

गेटपाशी मागचे लाल दिवे लागले. दार उघडलं. मुलीचा मेंदीचा पाय बाहेर आला. ती उतरणार, इतक्यात वडिलांनी खाली बसल्याबसल्या हात वर केला आणि जोरजोरात हलवला. जा, जा, उतरू नको. निघालेल्या लेकीने माघारी पाऊल टाकायचं नसतं, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं, तिलाही. पाय आत गेला, दार लागलं. मग फक्त आवाज उरला, तो रस्त्यावरून लांबपर्यंत ऐकू येत होता.

भावाने वडिलांना उठवून खुर्चीवर बसवलं. फारसं लागलं नव्हतं, तळव्यांत खडी रुतली होती. मी ओल्या पदराने ती काढत होते. ते आपल्याच तळव्यांकडे बघत होते. कुणाला बोल लावतील, निदान त्या गाडीला तरी एक शिवी देतील, असं मला वाटत होतं. मला ती हवी होती.

"माझाच नारळ जवळ पडला गं," ते म्हणाले. "त्या गाडीला लांब ठिवाया पायजे हुता."

सुप्याच्या आसपास पोचल्यावर जावयाचा फोन आला. तो रडवेला झाला होता. वडिलांनीच त्याची समजूत काढली, की जावईबापू, तुमची काय चूक न्हाई, गाडी लई बेस हाय, नीट जावा. मागे मुलीचं रडणं ऐकू येत होतं.

अंधार पडायच्या आत मिरजगावला निघावं म्हणून भाऊ जुन्या गाडीत बसला. किल्ली फिरवताच ती पहिल्या झटक्याला सुरू झाली. मिस्त्रीने नवी बॅटरी टाकली होती. वडील पुढच्या सीटकडे निघालेले, ते थांबले आणि भावाला म्हणाले, बंद कर. भावाला काही कळेना, पण त्याने बंद केली. वडील गाडीच्या मागे गेले. मी नको नको म्हणत धावले, तर त्यांनी सरकून मला बाजूला जागा करून दिली. कार्यालयातली दोन वाढपी माणसं हात पुसत मदतीला आली.

डिकीचं झाकण पत्र्याचं होतं, जाड, दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट. हात लावायला भरपूर जागा होती. मागच्या काचेतून मला सीट दिसली, तिच्यावर उरलेल्या लाडवांची पिशवी आणि सोडलेले फेटे. बाकी ती रिकामी होती. वडील हं, द्या म्हणाले आणि मी मान खाली घातली. मग मला कळलं की ती धिप्पाड माणसं कशाने दमत होती. मी रडले ते तोंड उघडं टाकून रडले, आणि बाजूने जो आवाज येत होता तो ऐकला नाही असं ठरवलं.

गाडी चालू झाली. भावाने खिडकीतून ओरडून सांगितलं, अण्णा, झाली चालू. वडील म्हणाले, "म्हाईत हाय." आणि आम्ही ढकलत राहिलो. भाऊ समजला, त्याने वेग वाढवला नाही. गेटपाशी वडिलांनी हात काढला, डिकीवर एकदा थाप मारली, लंगडत पुढे जाऊन सीटवर बसले आणि दार आपटून लावलं. ते आपटल्याशिवाय लागतच नाही. माझे हात डिकीवरच होते. गाडी हळूहळू पुढे निघाली आणि मी तिच्यासोबत चालत राहिले. मागच्या काचेतून मला वडिलांची टोपी दिसत होती. त्यांनी हात वर केला आणि समोरचा आरसा वाकडा केला.

मी रस्त्यापर्यंत गेले. मग हात काढावाच लागला.

त्यानंतर वडील सावेडीला आले नाहीत. हुरड्याच्या दिवसांत ते गेले. मुलगी आणि जावई आले, त्याने लाल गाडी हायवेलाच ठेवली आणि दोघं चालत घरी आली. त्याने खांदा दिला. मी लेकीला पाठवायला म्हणून त्या दिवशी उभी राहिले होते आणि माझ्या हाताने पाठवणी झाली ती वडिलांची. लेकीच्या गाडीला ना त्यांनी मनासारखं लोटलं, ना माझा हात लागला. याला कुणीच जबाबदार नाही, आणि मला राहून राहून वाटतं की कुणीतरी असायला हवं होतं, म्हणजे निदान भांडता आलं असतं.

गाडी परत कडुनिंबाखाली आहे. त्यानंतर ती कुणी बाहेर काढलेली नाही. परवा मी गेले तेव्हा आत जाऊन बसले, वडिलांनी कधी बसू दिलं नाही त्या बाजूला, स्टिअरिंगपुढे. आरसा तसाच वाकडा आहे. त्यात मागचं काही दिसत नाही, गोठ्याची भिंत दिसते. सरळ करायला मी हात वर नेला आणि खाली घेतला.